लहान उपकरणांसाठी इंधन-विद्युत् घट : स्वरूप, उपयोग व मर्यादा

गेल्या काही वर्षांत शेतकऱ्याच्या घरातील विजेवर चालणाऱ्या लहान उपकरणांची संख्या बरीच वाढली आहे. मोबाइल फोन आता बहुतेक घरांत आहे. बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि पैशांचे व्यवहार यांसाठी त्याचा रोज उपयोग होतो. याखेरीज राखणीस जाताना न्यावयाची विजेरी, बॅटरीवर चालणारा फवारणी पंप, जमिनीतील ओल मोजणारे यंत्र अशी साधनेही हळूहळू शिवारात येत आहेत. या सर्वांची अडचण मात्र एकच आहे. बॅटरी उतरली की साधन निकामी होते, आणि भारनियमनाच्या वेळी किंवा गावापासून दूर असलेल्या वस्तीवर ती पुन्हा भरून घेण्याची सोय नसते.

साहजिकच, “कंदिलात रॉकेल घालावे तसे इंधन घालून मोबाइल चालविता आला तर किती बरे होईल,” असा विचार कोणाच्याही मनात येईल. असे साधन काल्पनिक नाही. त्यास इंधन-विद्युत् घट अथवा थोडक्यात इंधनघट असे म्हणतात. हा घट खिशात मावेल इतका लहान करण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले व काही काळ असे घट बाजारात विकलेही गेले. ते का टिकले नाहीत, आज इंधनघटाचा उपयोग कोठे होतो, आणि असे साधन कोणी विकावयास आणल्यास कोणत्या गोष्टी तपासून पाहाव्यात, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधुभगिनींस असावी म्हणून हा लेख दिला आहे.

बॅटरी आणि इंधनघट यांतील फरक

बॅटरी ही पाण्याच्या रांजणासारखी आहे. रांजणात जितके भरले असेल तितकेच पाणी मिळते. तो रिकामा झाला की पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागते. इंधनघटाचे काम चुलीसारखे आहे. सरपण घालीत राहावे तोवर चूल उष्णता देते, त्याप्रमाणे इंधन व हवा मिळत राहील तोवर इंधनघट वीज देतो. फरक इतकाच की, त्यात ज्वाला नसते. इंधन जाळून उष्णता, उष्णतेपासून गती व गतीपासून वीज असा जो लांबचा प्रवास इंजिनात घडतो तो येथे टळतो, आणि इंधनातील ऊर्जेचे थेट विजेत रूपांतर होते.

घटाची रचना समजण्यास अवघड नाही. मध्यभागी एक पातळ पटल असते. त्याच्या दोन्ही बाजूंस प्लॅटिनमसारख्या धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा थर दिलेला असतो. एका बाजूने हायड्रोजन वायू येतो व दुसऱ्या बाजूने हवेतील प्राणवायू. प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनचे दोन भाग पडतात. त्यांपैकी धन विद्युत् भार असलेला भाग पटलातून पलीकडे जाऊ शकतो. परंतु ऋण भार असलेल्या इलेक्ट्रॉनांना पटल वाट देत नाही. त्यांना बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते, आणि या वाटेवर आपण दिवा किंवा फोन जोडला की त्यास वीज मिळते. पलीकडे पोचल्यावर दोन्ही भाग प्राणवायूशी संयोग पावतात व त्यांचे पाणी होते. म्हणजे हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटातून धुराऐवजी केवळ पाणी बाहेर पडते.

अशा एका घटापासून काम घेत असताना एका व्होल्टपेक्षाही कमी दाब मिळतो. म्हणून विजेरीत सेल एकापुढे एक ठेवतात त्याप्रमाणे अनेक घट एकास एक जोडावे लागतात.

शेतात नांगरलेला इंधनघट

ही कल्पना अलीकडची नाही. वेल्समधील विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञाने १८३९ साली हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगातून वीज निर्माण होते असे दाखवून दिले. पुढे शंभराहून अधिक वर्षे ती प्रयोगशाळेतच राहिली. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस टॉमस बेकन यांनी दीर्घकाळ परिश्रम करून १९५९ साली ५ किलोवॅट शक्तीचा घटसंच चालवून दाखविला.

शेतकऱ्यांस विशेष वाटेल अशी घटना त्याच वर्षी अमेरिकेत घडली. ट्रॅक्टर बनविणाऱ्या ॲलिस-चामर्स कंपनीने इंधनघटावर चालणारा एक ट्रॅक्टर तयार केला. त्याची शक्ती सुमारे २० अश्वशक्ती होती व त्यात १,००८ घट बसविलेले होते. विस्कॉन्सिन राज्यातील वेस्ट ॲलिस गावाजवळ लसूणघासाच्या शेतात त्याने नांगरट करून दाखविली. तो ट्रॅक्टर शेतावर रुळला नाही. आज तो अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जतन केलेला आहे. परंतु एक हजार घट एकत्र जोडून नांगर ओढता येतो, ही गोष्ट त्यावरून सिद्ध झाली.

यानंतर इंधनघटास खरे काम मिळाले ते अंतराळात. १९६५ साली जेमिनी यानात व त्यानंतर चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत इंधनघट वापरण्यात आले. अपोलो यानांतील अंतराळवीर घटातून निघणारे पाणी पिण्यासाठीही वापरीत. तेथे खर्चाचा प्रश्न गौण होता. वजन कमी व वीज अखंड हवी होती. खिशातील उपकरणाच्या बाबतीत मात्र खर्चाचा प्रश्न प्रथम येतो, हे पुढील विवेचनात ध्यानी ठेवावे.

लहान घटास इंधन कोणते ?

हायड्रोजन हे उत्तम इंधन असले तरी ते खिशात बाळगणे सोपे नाही. नेहमीच्या दाबाखालील एक लिटर हायड्रोजनमध्ये सुमारे ३ वॅट-तास इतकीच ऊर्जा असते. आजच्या साधारण मोबाइलची बॅटरी सुमारे १५ वॅट-तासांची असते. घटात निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरल्यास एक फोन एकदा भरण्यास दहा लिटर हायड्रोजन लागेल. तो दाबाखाली भरावयाचा तर जाड नळकांडे हवे, अथवा वायू शोषून धरणाऱ्या विशिष्ट धातूंची जड कुपी हवी.

म्हणून संशोधकांचे लक्ष मिथेनॉल या द्रवाकडे गेले. मिथेनॉल हा मद्यार्काच्या कुळातील, परंतु अत्यंत विषारी असा पदार्थ आहे. तो साध्या बाटलीत ठेवता येतो, आणि एक लिटर मिथेनॉलमध्ये सुमारे ४,४०० वॅट-तास ऊर्जा असते. तिचा चौथा हिस्सा जरी विजेच्या रूपाने हाती आला तरी सत्तरएक वेळा मोबाइल भरता येईल. बॅटरीच्या तुलनेने हा साठा इतका मोठा आहे की, संशोधकांस त्याचा मोह पडावा यात नवल नाही.

मिथेनॉलपासून आधी हायड्रोजन न काढता ते सरळ घटातच घालावयाचे, अशी पद्धत १९९० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात विकसित करण्यात आली. त्या कार्यात नोबेल पारितोषिकाचे मानकरी जॉर्ज ओला यांच्याबरोबर बंगळूर येथे जन्मलेले शास्त्रज्ञ सूर्य प्रकाश यांचा मोठा वाटा होता. या घटात मिथेनॉल व पाणी यांचे मिश्रण एका बाजूस असते. त्यापासून कार्बन डायॉक्साइड वायूचे बुडबुडे निघतात, आणि दुसऱ्या बाजूस प्राणवायूशी संयोग होऊन पाणी तयार होते.

जपानमधील अनुभव

लहान आकाराच्या घटासाठी जपानमधील तोशिबा कंपनीने केलेले प्रयत्न उद्बोधक आहेत. २००४ साली तिने अंगठ्याएवढा मिथेनॉल-घट तयार केल्याचे जाहीर केले. त्याचे वजन ८.५ ग्रॅम व शक्ती १०० मिलिवॅट होती. दोन घन सेंटिमीटर मिथेनॉलवर गाणी ऐकण्याचे लहान यंत्र २० तास चालू शकते, असे कंपनीने सांगितले. विमानातून प्रवास करताना इंधनघटाच्या कुप्या जवळ बाळगण्यास काही अटींवर मुभा देणारे आंतरराष्ट्रीय नियमही २००७ पासून लागू झाले. घरोघरी असे घट येणार, अशी तेव्हा अपेक्षा होती.

ऑक्टोबर २००९ मध्ये त्याच कंपनीने मोबाइल भरण्याचा ‘डायनारिओ’ नावाचा घट जपानमध्ये विक्रीस काढला. केवळ ३,००० नग तयार करण्यात आले. त्याची किंमत २९,८०० येन व वजन २८० ग्रॅम होते. टाकीत १४ मिलिलिटर मिथेनॉल भरले की एक मोबाइल दोन वेळा भरता येत असे. इंधनाच्या ५० मिलिलिटरच्या पाच बाटल्यांस ३,१५० येन पडत.

या आकड्यांचा थोडा हिशेब करून पाहू. एका बाटलीतून टाकी सुमारे साडेतीन वेळा भरते, म्हणजे मोबाइल सात वेळा भरतो. बाटलीची किंमत ६३० येन; म्हणजे एक वेळ मोबाइल भरण्यास केवळ इंधनाचा खर्च ९० येन आला. त्या वेळच्या दराने हे चाळीस-पंचेचाळीस रुपये होतात. आता घरच्या विजेचा हिशेब पाहा. आजचा मोठा मोबाइल एकदा भरण्यास गळतीसह सुमारे २० वॅट-तास, म्हणजे एका युनिटचा पन्नासावा हिस्सा वीज लागते. युनिटचा दर दहा रुपये धरला तरी हा खर्च २० पैसे होतो.

दुसराही हिशेब उद्बोधक आहे. १४ मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलमध्ये सुमारे ६० वॅट-तास ऊर्जा असते. त्या काळच्या मोबाइलची बॅटरी साधारणतः ३ वॅट-तासांची होती. दोन वेळा भरली म्हणजे ६ वॅट-तास झाले. ढोबळ मानाने पाहता दहा हिश्शांपैकी एकच हिस्सा फोनपर्यंत पोचला. उरलेले नऊ हिस्से कोठे गेले ? लहान घटाचे सारे दुखणे या प्रश्नात आहे.

आकार लहान केल्याने काय बिघडते ?

कंपोस्टचा खड्डा भरणाऱ्या शेतकऱ्यास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. मोठा ढीग आतून चांगला तापतो, वाफ सोडतो. त्याच शेणाची व पालापाचोळ्याची टोपलीभर रास मात्र तापत नाही. पदार्थ तेच असले तरी लहान राशीचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानाने मोठा असतो, म्हणून तिची ऊब व ओल लवकर निघून जाते. इंधनघटाचेही असेच आहे. घट लहान करता येतो. परंतु त्यास लागणारी ऊब, पाणी व हवा यांची व्यवस्था त्याच प्रमाणात लहान होत नाही.

पहिली अडचण पाण्याची. मिथेनॉलचा विनियोग होण्यास इंधनाच्या बाजूस पाणी लागते, आणि हवेच्या बाजूस पाणी तयार होते. मोठ्या संचात पंपाच्या साह्याने एका बाजूचे पाणी दुसरीकडे नेता येते. खिशातील घटात पंप बसविला तर निर्माण झालेली वीज तो पंपच खातो. पंप नसेल तर एका बाजूस कोरड पडते व दुसऱ्या बाजूस पाणी साचून हवेची छिद्रे बुजतात. पाण्याचा निचरा न होणाऱ्या शेतात पिकाची मुळे गुदमरतात, तशीच ही स्थिती होय.

दुसरी अडचण झिरपण्याची. मिथेनॉल पाण्यात सहज मिसळते, म्हणून ते पाण्याबरोबर पटलातून पलीकडे झिरपते व वीज न देता तेथेच संपून जाते. हे टाळण्यासाठी इंधन पाणी घालून पातळ करावे लागते. परंतु पातळ इंधन बाळगावयाचे म्हणजे बाटलीत बहुतांश पाणीच वाहून नेण्यासारखे आहे.

तिसरी अडचण हवेची. पंख्यावाचून चालणारा घट आपल्या छिद्रांतून संथपणे हवा घेतो. त्यामुळे एका चौरस सेंटिमीटर पटलापासून साधारणपणे २० ते ४० मिलिवॅट शक्ती मिळते. २ वॅट शक्ती हवी असल्यास ५० ते १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढे पटल उघड्या हवेत राहिले पाहिजे. खिशात किंवा पिशवीत ते झाकले गेले की घट मंदावतो. शिवाय शिवारातील धूळ छिद्रांत बसते आणि गोठ्यातील अमोनिया वायू पटलास अपाय करतो.

चौथी अडचण किमतीची. मिथेनॉलची क्रिया हायड्रोजनपेक्षा मंद असते. ती जलद व्हावी म्हणून प्लॅटिनम व रुथेनियम हे महाग धातू अधिक प्रमाणात वापरावे लागतात.

याउलट लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली प्रथम विक्रीस आली, तेव्हापासून ती सतत स्वस्त व सरस होत गेली. तिला हवा लागत नाही, पाणी लागत नाही, इंधनाची बाटली विकत घ्यावी लागत नाही. उपर्युक्त जपानी घटातही अंगभूत लिथियम बॅटरी बसविलेली होती, कारण एकदम अधिक वीज लागल्यास ती पुरविणे एकट्या घटास जमत नव्हते. यावरून खिशापुरती स्पर्धा बॅटरीने जिंकली, असे म्हणावयास हरकत नाही.

इंधनघट कोठे उपयोगी ठरला ?

वरील विवेचनावरून इंधनघट निरुपयोगी आहे असा ग्रह करून घेणे योग्य होणार नाही. आकार थोडा वाढविला की चित्र पालटते. जर्मनीत तयार होणारे पेटीएवढे मिथेनॉल-घट आज अनेक ठिकाणी वापरात आहेत. डोंगरमाथ्यावरील हवामान केंद्रे, रस्त्यावरील निरीक्षणाची यंत्रे, लष्करी ठाणी अशा ठिकाणी, जेथे तारा पोचत नाहीत व हिवाळ्यात ऊन नसते, तेथे ते आठवडेच्या आठवडे कोणाच्या देखरेखीवाचून बॅटरी भरीत राहतात. त्यांस लागणाऱ्या दहा लिटर मिथेनॉलच्या एका डब्यातून सुमारे ११ युनिट वीज मिळते. म्हणजे इंधनातील ऊर्जेचा चौथा हिस्सा हाती येतो. खिशातील घटाच्या दहाव्या हिश्शाशी हे ताडून पाहिले म्हणजे आकाराचा प्रभाव स्पष्ट होतो.

आपल्याकडेही या विषयावर काम चालू आहे. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या इतर प्रयोगशाळा यांनी थरमॅक्स व रिलायन्स या उद्योगांच्या सहकार्याने विकसित केलेला ५ किलोवॅटचा इंधनघट-संच सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते प्रदर्शित करण्यात आला. तो मिथेनॉल किंवा जैविक मिथेन यांवर चालण्याजोगा आहे. अर्थात हे संच इमारती, मनोरे अशा स्थिर ठिकाणांसाठी आहेत. हाती धरावयाच्या उपकरणांसाठी नव्हेत.

खरोखर लहान असा एक इंधनघट मात्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वाहनचालकाने मद्यपान केले आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी पोलीस ज्या यंत्रात फुंकर मारावयास सांगतात, त्यांतील बऱ्याच यंत्रांत एक चिमुकला इंधनघट असतो. श्वासातील मद्यार्क हेच त्याचे इंधन. मद्यार्क जितका अधिक तितकी वीज अधिक, आणि त्या विजेच्या प्रमाणावरून यंत्र आकडा दाखविते. वीज पुरविण्याचे काम लहान घटास पेलले नाही, पण मोजण्याचे काम त्याने चोख बजावले. हवेतील विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूची सूचना देणारी अनेक यंत्रेही याच तत्त्वावर चालतात.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

“पाण्यावर चालणारा चार्जर खरोखर असतो काय ?” असा प्रश्न पुष्कळदा विचारण्यात येतो. स्वीडनमधील एका कंपनीने २०११ साली असा एक चार्जर दाखविला होता, त्यात थोडे पाणी घातले की मोबाइल भरत असे. तथापि त्यातील इंधन पाणी नव्हते. सोडियम सिलिसाइड नावाच्या पदार्थाची एक चकती त्यात ठेवावी लागे. पाण्याशी संयोग होऊन तिच्यापासून हायड्रोजन निघे, व चकती संपली की नवी विकत घ्यावी लागे. पाणी ही जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे, आणि राखेपासून पुन्हा जाळ मिळत नाही. म्हणून केवळ पाण्यावर वीज देणारे यंत्र म्हणून कोणी काही विकू लागल्यास, “यात पाण्याखेरीज दुसरे काय घालावे लागते, आणि ते किती दिवसांनी ?” असे निःसंकोच विचारावे.

दुसरा प्रश्न गोबरगॅसचा. गोबरगॅसमध्ये निम्म्याहून अधिक भाग मिथेन असतो, मग त्यावर लहान घट का चालू नये ? कारण असे की, मिथेनपासून हायड्रोजन काढण्यास सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सिअस तापमान लागते. शिवाय गोबरगॅसमधील हायड्रोजन सल्फाइड वायू अल्प प्रमाणात असला तरी प्लॅटिनमला निकामी करतो. गॅस शुद्ध करून तापविण्याची ही व्यवस्था मोठ्या संचात परवडते. घरगुती आकारात नाही. गोबरगॅसचा सर्वांत चांगला उपयोग आजही स्वयंपाकाच्या शेगडीत होतो.

मिथेनॉलचा धोका

या विषयातील सर्वांत गंभीर बाब मिथेनॉलच्या विषारीपणाची आहे. केवळ १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे मिथेनॉल पोटात गेल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते, आणि ३० मिलिलिटर इतक्या अल्प प्रमाणानेही मृत्यू ओढवू शकतो. वर सांगितलेल्या घटाच्या टाकीत १४ व इंधनाच्या बाटलीत ५० मिलिलिटर मिथेनॉल मावत असे. त्या बाटल्यांची रचना गळती होऊ नये अशी केलेली होती. परंतु खेडोपाडी सुटे मिथेनॉल साध्या बाटलीत मिळू लागले तर काय होईल याचा विचार करावा. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेली दारू प्यायल्याने शंभराहून अधिक माणसे मरण पावली. दिसण्यात व वासात मिथेनॉल साध्या मद्यार्कासारखेच असते, हे अशा दुर्घटनांचे एक मुख्य कारण होय.

मिथेनॉल पोटात गेल्यावर प्रथम केवळ झिंग आल्यासारखे वाटते. पोटदुखी, वांत्या, दृष्टी अंधुक होणे, डोळ्यांपुढे पांढुरके धुके दिसणे ही लक्षणे पुष्कळदा बारा ते चोवीस तासांनंतर दिसतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे व काय प्यायले गेले ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. घरगुती उपाय करीत वेळ दवडू नये. कातडीवर किंवा डोळ्यांत द्रव उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. मिथेनॉल पेट घेते तेव्हा त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कीटकनाशक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नये, ही सूचना आपण नेहमी देतो. मिथेनॉलच्या बाबतीत ती दुप्पट कटाक्षाने पाळली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी कोणता सल्ला द्यावा ?

१. मोबाइल, विजेरी व लहान दिवा यांसाठी सध्या सौर तक्ता व बॅटरी हीच जोडी सोयीची आहे. दहा वॅटचा तक्ता चांगल्या उन्हाच्या दिवशी गळती वजा जाता सुमारे ४० वॅट-तास वीज देतो. एवढ्यात एक मोबाइल व एक लहान दिवा यांची गरज भागते. पावसाळ्यात ऊन कमी पडते, म्हणून ज्येष्ठातच बॅटरी तपासून घ्यावी व एक जादा भरलेली बॅटरी जवळ ठेवावी.

२. कोणी इंधनघट विकावयास आणल्यास प्रथम त्याची शक्ती किती वॅट आहे ते विचारावे. उदाहरणार्थ, १२ व्होल्ट व ८ अँपिअर-तासांच्या फवारणी पंपाच्या बॅटरीत ९६ वॅट-तास वीज मावते. २ वॅटच्या घटाने ती भरण्यास अखंड दोन दिवस लागतील. मिथेनॉलमध्ये ऊर्जेचा साठा मोठा असला तरी लहान घटातून तिची धार बारीक असते, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

३. इंधनाची कुपी कोठे मिळणार, तिची किंमत काय, आणि कंपनीने ती बनविणे बंद केल्यास काय करावयाचे, हे लेखी विचारून घ्यावे. एकाच कंपनीची कुपी चालणारे साधन कुपी मिळेनाशी झाली की फुकट जाते. परदेशांतील अनेक ग्राहकांस हा अनुभव आलेला आहे.

४. असे साधन वापरावयाचेच झाले तर ते मोकळ्या हवेत, सावलीत व मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. ते पेटीत, गादीखाली, गोठ्यात किंवा चुलीजवळ ठेवू नये. मिथेनॉल ६५ अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळते. वैशाखातील उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कुपी ठेवणे धोक्याचे आहे.

५. सुटे मिथेनॉल विकत घेऊन घटात भरण्याचा प्रयोग कोणीही करू नये. मिथेनॉलच्या साठ्यावर व विक्रीवर कायद्याचे निर्बंध आहेत, आणि अशुद्ध मिथेनॉलने घटही कायमचा बिघडतो.

६. डोंगराळ भागात पर्जन्यमापक, नदीची पातळी मोजणारे यंत्र किंवा हवामान केंद्र सार्वजनिक खर्चाने उभारावयाचे असेल, आणि तेथे पावसाळ्याचे चार महिने ऊन व वीज या दोहोंचा भरवसा नसेल, तर मात्र मोठ्या आकाराच्या इंधनघटाचा विचार करणे योग्य ठरते. अशा ठिकाणी इंधनाची ने-आण व साठवण प्रशिक्षित माणसाकडे सोपवावी.

इंधनघटाचे तत्त्व खरे आहे व त्याचे भवितव्यही मोठे आहे. मोठ्या वाहनांसाठी व इमारतींसाठी त्यावर जगभर काम चालू आहे, आणि पटलातून झिरपणारे मिथेनॉल थोपविण्याचा उपाय सापडला तर खिशातील घटासही पुन्हा चांगले दिवस येऊ शकतील. परंतु नवे बियाणे आपण प्रथम गुंठाभर जागेत पेरून पाहतो व मगच सबंध शेतात पेरतो. नव्या यंत्राच्या बाबतीतही हाच शिरस्ता ठेवावा. जाहिरातीतील एका आकड्यावर विसंबून न राहता शक्ती किती, इंधन कोठले, खर्च काय आणि धोका कोणता, हे चार प्रश्न विचारण्याची सवय गावोगाव लागली, तर शेतकऱ्याचा पैसा वाचेल व घरातील माणसे सुरक्षित राहतील.